शिवीला एकोणतीसचा पाढा

माझ्या वर्गात शिवीला छडी नाही. शिवी दिली की वर्गापुढे उभं राहायचं आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एकोणतीसचाच का, असं एका पोरीनं विचारलं होतं. मी म्हटलं, वीसचा सगळ्यांनाच येतो, त्यात शिक्षा कसली? तेलंगणातल्या तलमडुगूजवळच्या आमच्या मराठी शाळेत आता हे इतकं मुरलं आहे, की खेळताना कोणाच्या तोंडून काही निसटलं तर बाकीची पोरं नुसतं "एकोणतीस" म्हणतात आणि तो गडी मुकाट्यानं झाडाखाली जाऊन पुटपुटायला लागतो. माझी लेक याच शाळेत चौथीत, माझ्याच वर्गात आहे. तिला घरीही हाच कायदा.

अशा घरात सिनेमा शिरला.

गेल्या कापसाच्या हंगामात हैदराबादहून काही मंडळी तेलुगू सिनेमाच्या शूटिंगसाठी आली. ओळखीचा चेहरा एकही नाही, बडेजाव नाही. त्यांना कापूस वेचणाऱ्या बाईची मुलगी हवी होती, आणि तिचा आवाज खणखणीत हवा होता. शाळेत येऊन त्यांनी एकेका मुलीला मोठ्यानं हाक मारायला लावली. माझ्या लेकीनं मारली तेव्हा रस्त्यापलीकडचा दुकानदार बाहेर आला. आवाज तिनं आजीचा घेतला आहे, माझ्या सासूबाईंचा. तिची निवड झाली आणि तिचे पाय जमिनीला लागेनात. भांडी घासतानासुद्धा ती राखेच्या बोटांनी केस मागे सारत कोणाकडे तरी तिरकं बघायची.

मग त्यांची सहायक दिग्दर्शिका घरी आली. विशीतली, हिंदी बोलणारी, गोड मुलगी. बाजेवर बसून तिनं प्रसंग सांगितला. मालक काट्यावर कापूस मोजताना पोरीच्या आईला आईवरून शिवी देतो. पोरगी डोक्यावरचं गाठोडं फेकते आणि तीच शिवी मालकाला परत देते. सिनेमातली सगळ्यात मोठी जागा हीच, असं ती म्हणाली.

"मेरी बेटी गाली नहीं देगी," मी सांगून टाकलं.

लेक रडली नाही. चटईची एक काडी उपसत बसली. मला ते बघवत नव्हतं, पण मी तरी काय करणार होते? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझं झालं असतं. शिवाय त्यात एक जुनं दुखणं होतं. आमच्या वस्तीतल्या पोरांची तोंडं घाण असतात, हे ऐकत मी मोठी झाले. शिकले, शिक्षिका झाले, तरी शिक्षकांच्या खोलीत कोणी ना कोणी ते हसत हसत बोलून जायचंच. माझ्या पोरांबद्दल ते कोणाला म्हणता येऊ नये म्हणून तर मी हा पाढा काढला होता. आता माझीच पोरगी पडदाभर तोंड करून शिवी देणार, आणि तीही आदिलाबादच्या टॉकीजमध्ये, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी मी कोणत्या तोंडानं फळ्यापुढे उभी राहणार होते?

सासूबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हिंदी त्यांना बोलता येत नाही, समजते मात्र सगळी.

"काऊन नाही म्हणून राह्यली वं?" त्यांनी विचारलं.

"मामी, पोरगी शाळेत जाते. तिच्या तोंडी शिवी बरी दिसते का?"

"मी ज्याच्या वावरात कापूस येचला, त्यानं मले कदी नावानं हाक नाही मारली. शिवीच माह्यं नाव होतं. आमी जलमभर खाल्ल्या, कोनाले एक परत नाही देली. पोरीनं एक देली त काय बिघडते?"

"पण ते सिनेमात आहे."

"त मी तरी काय म्हणून राह्यली? सिनेमातच दे म्हणून राह्यली."

म्हातारीचं खोटं नव्हतं आणि माझंही नव्हतं. आम्हा दोघींचे चेहरे बघून त्या पाहुण्या मुलीनंच तोड काढली. "मेडम, बच्ची कुछ भी बोले, बस गुस्से में बोले. इस जगह आवाज़ तो बाद में दूसरी डलेगी." लहान पोरं कधी कधी नुसते आकडे म्हणतात, ओठ हलले की झालं, मग हैदराबादला एखादी मोठी बाई लहान पोरीच्या आवाजात खरे शब्द भरते, असं तिनं समजावून सांगितलं. लेकीनं काडी टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. अर्ध्या मनानं म्हटलं, पण म्हटलं.

शूटिंगच्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सगळं गाव गोळा झालं. माझ्या वर्गातली पोरं तर सकाळपासून बसून होती. मालक झालेला नट मोठा भला माणूस होता. त्यानं आधी लेकीला स्वतःच्या डब्यातली चकली दिली. मग उभा राहिला आणि त्यानं असा काही आवाज चढवला, की सासूबाईंनी माझा दंड धरला. लेकीनं गाठोडं फेकलं. तिचे डोळे भरून आले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि मालकाच्या तोंडावर ती ओरडली, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

हैदराबादच्या मंडळींना मराठी येत नव्हतं. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. धुऱ्यावरची पोरं मात्र एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पाढाच का म्हटलास, असं मी तिला नंतर विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "शिवी दिल्यावर तेच म्हणायचं असते ना? मी आधीच म्हणून टाकलं."

तेवढ्यानं संपलं असतं तर बरं होतं. मंडळी निघून गेली आणि माझी झोप उडाली. तोंड माझ्या लेकीचं, शिवी कोण्या परक्या बाईची. पण गावाला हा फरक कोण समजावणार? बघणाऱ्याला ओठ दिसतात. आता तिकडे कोणी बाई बंद खोलीत बसून माझ्या पोरीच्या तोंडात ती शिवी घालत असेल, हे भाकरी थापताना डोक्यात यायचं आणि भाकरी फाटायची. नवरा आदिलाबादला कारकून आहे, स्वभावानं थंड. "सिनेमा लागेलच असं कुठं आहे? डब्यात गेलेले किती असतात," असं तो म्हणायचा. मी मनातल्या मनात डब्यालाच नवस बोलत होते. सासूबाईंचं वेगळंच होतं. कोणीही शहरातून आलं की त्या विचारायच्या, "कवा लागते थो सिनेमा? शिवी हाय न त्यात?"

सिनेमा लागला. वर्गातली पोरं, त्यांच्या आया आणि आम्ही, असे ऑटो भरभरून गेलो. सासूबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून पहिल्या ऑटोत पुढं बसल्या होत्या. टॉकीजमध्ये माझ्या एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला त्या. पुढच्या दोन रांगा माझ्या पोरांच्या, त्यांच्या पुढची आयांची. बाकी सगळे तेलुगू लोक.

काटा आला. मालक आला. त्याची शिवी सुरू झाली आणि मधेच आवाज गेला. नुसतेच ओठ हलले. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग लेकीनं गाठोडं फेकलं. तिचं तोंड पडदाभर झालं, ओठ हलायला लागले, आणि आवाज नाही. काहीच नाही. सेन्सॉरनं दोन्ही शिव्या कापल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. इतका, की माझा सुटलेला श्वास मलाच ऐकू आला. माझ्या पोरीचं तोंड स्वच्छ होतं. मी तिचा हात धरला तर तो माझ्याहून गार होता. इतके महिने तीही भीत होती तर, आणि मला ते कळलंच नव्हतं.

आणि त्या शांततेत पुढच्या दोन रांगा, पडद्यावरच्या ओठांबरोबर ओठ हलवत, एका सुरात म्हणाल्या, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

टॉकीजमधल्या तेलुगू लोकांना काय चाललंय ते समजेना. सासूबाईंनाही समजलं नाही. "आवाज काऊन गेला?" त्यांनी मला विचारलं. "शिवी कुटं गेली?"

"कापली, मामी."

"कापली?"

पडद्यावर मालक अजून तसाच उभा होता, हात कमरेवर. मग आमच्या घरातला तो खणखणीत आवाज टॉकीजभर घुमला. आईवरूनच होती, पण पुढं वावर, काटा, बाप आणि मालकाचे सगळे पूर्वज असे ओळीनं आले. वर्षानुवर्षं घोकून ठेवल्याशिवाय इतकं सफाईदार येत नाही. भाषा न कळूनही मागच्या बाजूला कोणीतरी टाळी वाजवली.

माझ्या दोन्ही रांगा वळल्या. पोरांनी आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टीचर," त्यातलं सगळ्यात चावट होतं ते म्हणालं, "आजीनं देली. एकोणतीस."

कायदा तो कायदा. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"मले नाही येत बापा," त्या म्हणाल्या. "शाळेत कोन धाडलं होतं मले? माही सून मास्तरीण हाय. थे म्हणन."

मी उभी राहिले. मागचे लोक खाली बसा, खाली बसा म्हणत होते. मी पदर सावरला आणि सासूच्या शिवीचा पाढा म्हणायला लागले. सत्त्याऐंशीला हसू आलं. सत्तेला अडखळले तेव्हा लेकीनं खालून "दोनशे तीन" सांगितलं. तशी मी थेट दाहेपर्यंत गेले आणि बसले.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हलकं वाटून राह्यलं वं," त्या म्हणाल्या.

मलाही वाटत होतं.