टोपावरचे पोचे

आमच्या कात्रप भागातल्या समस्त रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या माळ्यावरचा ॲल्युमिनियमचा टोप भंगारात जाणार नाही. सकाळी बायकोने तो खाली काढला, त्यावरच्या पोच्यांवरून माझं बोट फिरलं आणि मी वीस वर्षं मागे, मे महिन्यातल्या उल्हास नदीच्या काठावर जाऊन पडलो.

सुभाष, दिलीप आणि मी मटण शिजायची वाट बघत होतो. अचानक आभाळ काळवंडलं आणि टपोऱ्या गारा सडासड बसू लागल्या. भातासाठी मी घरून आणलेला हा रिकामा टोप सुभाषने डोक्यावर पालथा घातला. तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या ताडावर वीज कोसळली. झाड पेटलं, जळका वास नाकात शिरला.

"सुभ्या, टोप फेक! वीज अंगावर घेशील!" मी ओरडलो.

"आणि गारा काय तुझा बाप झेलणार?"

दिलीपने टोप हिसकावून लांब भिरकावला; तिथे गारांनी त्याला टणाटण पोचे पाडले. आम्ही तिघे उकिडवे बसलो. आज हसू येतं, तेव्हा माझे दात वाजत होते. पुन्हा डोक्यावरच कडकडाट झाला, तसा आनंदनगरच्या कारखान्यातून सुट्टी काढून आलेला सुभाष हात जोडून किंचाळला,

"देवा, इथे नको रे! साहेबांना सांगितलंय, मी तापाने घरी झोपलोय!"