बाहेरून तापणारा बंब

दिवाळी उरकली आणि आमच्या तांब्याच्या बंबाने राम म्हटला. गळक्या बुडाला तीनदा डाग देऊन झाला होता. चौथ्यांदा नेला तेव्हा राजूरच्या तांबटाने हातच टेकले.

खरं सांगते, मला आनंद झाला. पहाटे उठून काटक्या मोडा, धूर खा आणि वर शाळेची घंटा गाठा! पण गिझर घ्यावा, तर आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. सोलरवाला येऊन डोंगराची सावली बघून, चहा पिऊन गेला. म्हणजे पुन्हा बंबच.

जीव अडकला होता तो आबांत, माझ्या सासऱ्यांत. थंडीत त्यांचे गुडघे धरतात. सकाळी तासभर बंबाजवळ शेकल्याशिवाय त्यांना चालवत नाही. औंदा दिरांनी हट्टच धरला होता, "आबांना नगरला आमच्याकडे पाठवा, इथली थंडी सोसवेल." नवरा नागापूरच्या कारखान्यात, घरी येणार शनिवारी. आबा गेले तर मी भांडायचं कुणाशी? त्यांच्याशिवाय मला घरात करमत नाही, हे त्यांना मात्र कधी बोलले नाही.

बाजारात दुकानदाराने दुहेरी पत्र्याचा बंब पेटवून दाखवला. "हात लावा मॅडम! आत पाणी उकळतंय, बाहेरून गार. ऊब जराही वाया नाही!" मी लावला. गारच होता. मी स्वतःला फार हुशार समजते, लगेच घेऊन आले.

चार काटक्यांत पाणी कढत! शाळेत सगळ्यांना सांगून झालं. आबाही म्हणाले, "लई भारी हाय."

चौथ्या दिवशी आंघोळ करून पडवीत आले, तर आबा बंबाला पाठ लावून कुडकुडत बसलेले.

"आबा, शेकताय का?"

"शेकतोय की. जरा येळ लागतो त्याला."

मी बंबाला हात लावला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. अगं बाई, याची ऊब बाहेर येणारच कशी? चार दिवस या माणसाने, मला वाईट वाटू नये म्हणून, गार पत्र्याला पाठ टेकून काढले होते. वर दिरांना फोनवर "रविवारी न्यायला ये" असंही सांगून ठेवलं होतं, ते का हे मला आता कळलं. मला स्वतःचा असा राग आला की डबा न घेताच शाळेत गेले.

शाळा सुटल्यावर बंब टेम्पोत घालून दुकान गाठलं.

"बिघडला का मॅडम?"

"बिघडला नाही हो, फार शहाणा आहे. मला साधा द्या, बाहेरून तापणारा."

"अहो, त्यात निम्मी ऊब वाया जाते!"

"जाऊ द्या. तेवढी आमच्या आबांना लागते."

दुकानदार कुरकुरला. पण दिला बदलून.

दुसऱ्या सकाळी आबांनी तळवे शेकले, गुडघे शेकले आणि लाकडं ओली आणल्याबद्दल मला चांगलं झापलं. मला इतकं बरं वाटलं!

रविवारी दीर गाडी घेऊन दारात. आबा बंबाजवळून हललेच नाहीत.

"औंदा न्हाई जमायचं," ते म्हणाले. "हिला बंब पेटवता येतो व्हय? घर धुरानं भरून टाकंल."

बारा वर्षं रोज पहाटे बंब पेटवणारी मी, इतकं धडधडीत खोटं ऐकून जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.