बांधावर उडवलेले ऐंशी फवारे

रावेरकडचे केळीवाले पानांवर डाग पाडणाऱ्या करप्या रोगाची फवारणी अभिमन महाजनला विचारल्याशिवाय करत नसत. गडीही जरा तोऱ्यातच असायचा. पानं हिरवीगार असतानाच फवारा मारायला लावायचा आणि कुणी कुरकुरलं की ठरलेलं वाक्य तोंडावर फेकायचा, "पानावर डाग दिसला म्हंजे उशीर झाला, भाऊ. आपन डाग दिसायच्या आधी मारतो." निदान शंभर जणांना त्याने हे ऐकवलं असेल. स्वतःला तेवढं ऐकवायचं राहून गेलं.

त्याची नऊ वर्षांची कामिनी जरा धावली की खोकायची, थंडीत छातीतून सूं सूं आवाज यायचा. जळगावच्या डॉक्टर दिपमालाताईंनी सौम्य दमा सांगितला. अशा मुलांच्या श्वासनलिकेतली सूज औषधाने किती उतरते, याचा त्या वर्षभर अभ्यास करत होत्या. कामिनीचंही नाव त्यांनी त्यात घातलं. रोज सकाळी तोंडात धरायच्या पंपाचे, म्हणजे इनहेलरचे, दोन फवारे ओढायचे, वहीत खूण करायची आणि ठरल्या तारखेला दवाखान्यातल्या यंत्रात फुंकायचं. सूज जास्त तर आकडा जास्त. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस आला होता, दोन महिने औषध घेतल्यावर एकोणीस. "छान उतरलीय," ताई म्हणाल्या, "पण औषध थांबवायचं नाही हं."

अभिमनची बायको मोहिनी भल्या सकाळी शाळेत शिकवायला जाई, म्हणून पंपाचं काम त्याच्याकडे. खोकला गेला, पोरगी हुंदडू लागली आणि अभिमनची आई सुंदरबाई त्याचे कान भरू लागली. "आता खोकत बी नाही ती. पोरीच्या जातीले पंप लागला म्हंजे जल्माचा लागला. उद्या तिले कोन करीन?" एका सकाळी त्याने पंप कपाटात ठेवून दिला. मोहिनी रोज विचारायची, "पंप दिला का?" तो म्हणायचा, "दिला ना," आणि कामिनीलाही तेच सांगायला लावायचा. असे चाळीस दिवस गेले.

तपासणीची तारीख आली तेव्हा तो जागा झाला. वहीतल्या खुणा एका बैठकीत झाल्या, त्याही पेनं बदलून बदलून, म्हणजे हुशारी पाहा! पण उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा पंपावरच दिसतो. मोटारसायकल त्याने केळीच्या बांधाशी थांबवली आणि पोरीच्या छातीत जायचं औषध हवेत उडवू लागला. ऐंशी वेळा. अंगठा दुखून आला. कामिनी गाडीवर बसून बघत होती.

"पप्पा, ताईनं विचारलं तं काय सांगू?"

"रोज घेते म्हन," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

यंत्राने बावन्न दाखवले. ताईंनी वही चाळली, पंप पाहिला. सगळं चोख होतं, आणि त्या चोखपणानेच घात केला. "इतकं नियमित घेऊनही सूज वाढली म्हणजे हा डोस पुरत नाहीये. डोस वाढवू आणि सोबत रोज एक गोळी देऊ," असं म्हणून त्या लिहू लागल्या.

अभिमन कात्रीत सापडला. आता बोललं तर अब्रू जाते आणि गप्प बसलं तर नको ते औषध पोरीच्या पोटात जातं. तेवढ्यात कामिनीच बोलली, "ताई, गोळी नका देऊ ना. मीच नव्हती घेत पंप. पप्पा द्यायचे, मीच उडवून टाकायची."

नऊ वर्षांची पोर बापाचं पाप अंगावर घेत होती. आणि बापाला, खोटं कशाला सांगा, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या एका क्षणाची लाज त्याला अजून जाळते.

"ती खोटं बोलते," तो कसाबसा म्हणाला. "पंप मी बंद केला. खुना बी माह्याच. फवारे मीच बांधावर उडवले. खोकला दिसत नव्हता म्हनून..." शंभर जणांना ऐकवलेलं ते वाक्य आता त्याच्याच कानात वाजत होतं.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलेला कागद फाडला, जुनंच औषध पुन्हा लिहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, या वह्यांवरून मी बाकीच्या मुलांचंही औषध ठरवणार होते." अभिमनने कागद घडी करून खिशात ठेवला.

जिन्यात मोबाइल वाजला. मोहिनीचा होता. तो नुसता बघत राहिला, तेव्हा कामिनीने मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि उचलायच्या आधी सवयीने विचारलं, "पप्पा, मम्मीले काय सांगायचं?"