कोंबड्यांचा उपास

माझ्या एमएस्सीच्या प्रबंधात एक आकडा आहे, त्रेचाळीस. ब्रॉयलर कोंबडीवर काम करणारं कुणीही तो बघितला की भुवया वर करतं. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, हे सगळ्या जगाचं ठरलेलं. मग तुमचे पक्षी त्रेचाळीस दिवसांचे कसे? तोंडी परीक्षेलाही पहिला प्रश्न हाच आला. मी "अपरिहार्य कारणामुळे" असं काहीतरी पुटपुटले. अपरिहार्य कारण त्या वेळी कल्याणजवळ मोहन्याला घरी बसून लसूण सोलत होतं.

माझा विषय साधा होता. नर आणि मादी, वाढतं वय, आणि त्यांच्या रक्तातली चरबी. माणसं चाळिशीनंतर लॅबमध्ये जाऊन कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड तपासतात, रिपोर्ट बघून घाबरतात आणि दोन दिवस वडापाव सोडतात ना, तेच, पण कोंबडीचं. कॉलेजात पक्षी ठेवायला जागा नव्हती, म्हणून आमच्या मागच्या अंगणातली पत्र्याची शेड मी ताब्यात घेतली. बाबा होते तेव्हा तिथे त्यांची स्कूटर असायची. मधोमध जाळी ठोकली, खाली भाताचा तूस पसरला आणि एक दिवसाची पिल्लं आणली. तिसऱ्या आठवड्यात तुरे बघून वेगळी केली. मोठा लालसर तुरा आणि जाड पाय ते नर, उजवीकडे. बाकीच्या माद्या, डावीकडे. पंधरा आणि पंधरा.

आता दादा. माझ्या मोठ्या भावाची नोकरी ठाण्यात खोपटला, पण हुकूम मोहन्यात चालायचा. बाबा गेल्यापासून घरातले निर्णय तोच घ्यायचा, आणि त्याने माझ्यापुढे अट ठेवलेली. "डिसेंबरात सबमिट केलंस तर पुढे पीएचडी कर, नोकरी कर, मी मध्ये येणार नाही. नाही झालं तर स्थळं बघायला सुरुवात." आईने नेहमीसारखी मान हलवली. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या तीस कोंबड्यांच्या पंखाखाली होतं. मी वेड्यासारखी काम करत होते ते यासाठी.

रक्त तीनदा काढायचं होतं. अठ्ठाविसाव्या, पस्तिसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, सकाळी. आणि आदल्या रात्री आठनंतर खाणं बंद, फक्त पाणी. पोटात अन्न असलं की रक्तातली चरबी चढते, मग माझ्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही. हे मी आईला एकदा नाही, दहादा समजावलेलं.

"पाणी तरी देतेस. उपकारच म्हणायचे तुझे," आई म्हणाली.

"आई, अगं एक रात्र. तू नाही का उपास करत?"

"मी माझ्या मर्जीने करते. त्यांना कुणी विचारलंय?"

पण कामाला ती पक्की होती. सकाळी पाटावर बसून एकेक पक्षी मांडीवर धरायची, एक हात पायांवर, एक हात गळ्याखाली, आणि मी पंखाखालच्या शिरेत सुई घालायची. पक्षी तिच्या हातात हूं की चूं करत नसत. मला वाटायचं, काय माझी आई गुणाची!

पहिल्याच वेळी गंमत झाली. लॅबमध्ये रक्तातलं पाणी वेगळं केलं, तर माद्यांचं स्वच्छ पिवळसर आणि नरांचं दूध घातल्यासारखं पांढुरकं. दुसऱ्या वेळी आणखी पांढरं. तिसऱ्या वेळी तर नुसतं बघत राहावं असा फरक. नरांचं ट्रायग्लिसराइड वर वर चाललेलं, माद्यांचं जागच्या जागी. खरं तर इतक्या लहान वयात नर-मादीत फार फरक दिसायला नको. मादी अंड्यावर आली की तिच्या रक्तात चरबी धो धो वाढते, पण ब्रॉयलर बिचारी तितकी जगतच नाही. माझ्याकडे मात्र उलटंच चित्र होतं, आणि तेही वयाबरोबर वाढत जाणारं.

माझ्या गाइड मॅडम कधी कुणाला चांगलं म्हणत नसत. त्यांनी तो आलेख दोनदा बघितला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा बघितला. "अगं, हे वेगळं आहे. यावर पेपर होईल," त्या म्हणाल्या. मी हवेत. कल्याण स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. पुढचे चार दिवस लायब्ररीत बसून कारणं शोधली. हार्मोन, यकृत, स्नायूंची वाढ, अमुक आणि तमुक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

पक्षी त्या बेचाळिसाव्या दिवशीच, रक्त काढून झाल्यावर, नाक्यावरच्या चिकनच्या दुकानात दिलेले. तुऱ्यावरून ओळखलेले नर-मादी बरोबर आहेत का, हे पोट उघडल्याशिवाय पक्कं होत नाही. नराच्या पाठीच्या कण्याजवळ दोन पांढुरके दाणे असतात, मादीला एका बाजूला बारीक झुबका. माझी लॅबची गडबड, म्हणून दुकानदाराला सांगून ठेवलेलं की बघून लिहून ठेवा, येऊन घेते. चार दिवसांनी गेले. त्याने कागद दिला. सगळे बरोबर. मी थँक्यू म्हणून वळले, तर म्हणतो,

"ताई, पण तुम्ही म्हणालात यांना उपाशी ठेवलंय."

"हो. मग?"

"कुठे उपाशी? नरांच्या गळ्याखालच्या पिशव्या टम्म. भाकरी, शेंगदाण्याचं कूट, काय काय निघालं. माद्यांच्या तेवढ्या रिकाम्या. मी म्हटलं, शिकलेल्या बाईचं काहीतरी असेल."

मी तिथेच उभी राहिले. पक्षी हातात आला की ती पिशवी आधी चाचपायची असते, पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मी चाचपली नव्हती. कशी चाचपणार? तिथे आईचा हात असायचा.

घरी आले ती चपलांसकट स्वयंपाकघरात. "आई, तू कोंबड्यांना खायला घातलंस?"

"कोंबड्यांना नाही," आई शांतपणे म्हणाली. "नरांना."

"काय?"

"पहाटे ओरडून ओरडून जीव द्यायचे ते. शेजारपाजार काय म्हणेल? भाकरी कुस्करून थोडं शेंगदाण्याचं कूट घालत होते. जसे मोठे झाले तसे जास्त ओरडायला लागले, मग मीही वाटी मोठी केली."

म्हणजे माझा लिंगाचा परिणाम आई होती आणि वयाचा परिणामही आईच! कपाळ माझं. "आणि माद्यांना का नाही घातलं?" मी ओरडलेच.

"त्या कुठे मागत होत्या? गप्प बसलेल्या. नरांचा जीव मोठा, त्यांना भूक जास्त. बायकांच्या जातीला सवय असते गं, निभावतात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोंबड्यांवरून नाही फक्त. आमच्याकडे रविवारी चिकन व्हायचं तेव्हा तंगडी दादाच्या ताटात, दुसरी तंगडी बाबांच्या, आणि ते गेल्यावर दोन्ही दादाच्या. मला मान आणि पंख. आईला रस्सा. मी वीस-बावीस वर्षं पंख चोखत आले आणि एकदा विचारलं नाही, कारण मीसुद्धा गप्प बसलेलीच होते. हे सगळं मी तिला त्या दिवशी बोलले. चांगलंच तोंड सोडलं. "तुझ्या वाटीपायी माझं लग्न लागणार आहे," असंही म्हणाले. आईने भाजी चिरायला घेतली आणि मला त्याचाही राग आला.

मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी आलेख मिटून ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "पिशवी चाचपली नाहीस?" डिसेंबर हातचा गेला. पुन्हा पिल्लं आणायची, पुन्हा सहा आठवडे, पुढच्या सत्रात सबमिशन.

रविवारी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "ठरलं होतं ना आपलं?" मी तोंड उघडणार एवढ्यात आई बोलली. ताट वाढता वाढता, त्याच्याकडे न बघता. "चूक माझी आहे. मी घातलं खायला. तिला एक खेप अजून करू दे." दादाने घास तसाच हातात धरला. आई त्याच्यासमोर असं कधी बोललेली त्यालाही आठवत नसावं, मला तर नाहीच. "एकच," तो म्हणाला. "ही शेवटची."

दुसऱ्या खेपेला मी शेडला कुलूप लावलं. किल्ली देव्हाऱ्यात, कारण आमच्या घरात सगळ्या किल्ल्या देव्हाऱ्यातच असतात, आणि माझी अक्कल तिथवरच गेली. अठ्ठावीस नीट पार पडला. पस्तीसही. पिशव्या मी स्वतः चाचपल्या, सगळ्या रिकाम्या. निकाल आत्ताच सांगून टाकते. नर-मादीत सांगण्यासारखा फरक नव्हता, वयाने थोडा पडत होता. पेपर-बिपर काही नाही, साधा सरळ कंटाळवाणा निकाल. मला चालणार होता. त्यावर डिग्री मिळत होती.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी सुया घेऊन मागे गेले, तर शेडचं दार सताड उघडं. आई आत वाकलेली. हातात परात.

"आई!"

ती दचकली नाही. "आज दुकानात जाणार ना ही? उपाशीपोटी कुणाला घराबाहेर पाठवू नये. मागच्या वेळी निम्म्या तशाच गेल्या, मला माहीत आहे. झोप नाही लागली."

"अगं, पण माझं रक्त!"

"सगळ्यांना घातलंय. आता नाही ना फरक येणार तुझ्या आकड्यांत? सारखं झालं की."

मी डोक्याला हात लावून दारातच खाली बसले. सहा आठवडे, दादाचं "शेवटची", मॅडमचं तोंड, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी खच्चून ओरडणार होते. पण समोर जाळीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. उजवीकडे भाकरी. डावीकडे, माद्यांकडे, भाकरी, कूट, आणि वर अख्खे शेंगदाणे, मूठ मूठ.

"यांना जास्त का?" मी विचारलं.

"मागचं राहिलं होतं ना यांचं," आई म्हणाली.

मग मी मॅडमना फोन केला. लॅबमधलं मशीन उद्याही मिळेल, पण उद्याच, परवा नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मी बेचाळीसचे त्रेचाळीस केले. रात्री किल्ली माझ्या उशीखाली राहणार होती. आई परात धुवायला नळावर गेली, मी तिच्या मागे गेले. अजून धुसफुसतच होते. सकाळचे आठ वाजून गेलेले.

"आणि तू? तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

"मला काय," आई परात घासत म्हणाली. "माझा गुरुवार आहे."