लूमवरची अरबी

“कैफ हालक!” कारखान्यातल्या चाळीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात बाबा ओरडत होते. बाबांना गल्फमध्ये नोकरी हवी होती, म्हणून तिथून परतलेले, शेजारच्या लूमवरचे युसूफचाचा त्यांना अरबी शिकवत. त्या दोघांचं ‘कसं काय’ आमच्या नारपोलीतून थेट मक्केपर्यंत ऐकू जाई, शप्पथ!

आज, इतक्या वर्षांनी, माझ्या शिलाई मशीनला तेल घालताना बाबांच्या कपड्यांना यायचा तोच लूमच्या तेलाचा वास आला. तेव्हा लूमवर शिकलेली भाषा बाबांना हळू बोलताच येईना. मुलाखतीत असे गरजले की साहेबाचा चहा म्हणे बशीत उतरला. नोकरी हुकली. बाबा जाणार नाहीत म्हणून चौथीतली मी नाचले, त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता. आता बाबा नाहीत; त्यांच्या एका ‘कैफ हालक’साठी अख्खं वाळवंट अनवाणी तुडवेन.

“साहेब काय म्हणाला?” त्या संध्याकाळी आईनं बाबांना विचारलं होतं.

“हळू बोला म्हणाला. डबा भर, उद्या पहिली शिफ्ट हाय.”