तोंडाचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिची तर समजूत आहे की माझ्या पोटात काही राहत नाही.

सत्तरच्या दशकात शिवाजी पेठेत माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. शहराबाहेरच्या एका अपंगांच्या आश्रमाचे फोटो मीच काढायचो. त्यांना अहवालात छापायला पाय हवे असत — वाळलेले, वाकलेले, लोखंडी पट्ट्यांत अडकवलेले. चेहरा आला तर सेक्रेटरी फोटो परत करायचे. हळूहळू मीही गुडघ्याच्या वर बघायचं सोडलं.

त्या आश्रमातली शालन मूळची मुरगूडची. विशीतली, लहानपणी पोलिओ झालेली. एकदा मी निघता निघता बघतो तर ही खुर्चीत नटून बसलेली. कुणाकडून तरी मागून आणलेली जांभळी साडी, केसांत अबोली, पायांच्या पट्ट्या निऱ्यांखाली झाकलेल्या.

"अण्णा, माझा बी एक काढा की. तोंडाचा. आईला धाडायचा हाय."

कॅमेऱ्यातला रोल संपला होता. दुसरा पिशवीत होता, पण तो संध्याकाळी फुटबॉलच्या टीमसाठी लागणार होता. त्यातला एक फोटो गेला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. कंटाळा केला मी, दुसरं कारण नाही. रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. हट्टी पोरांना आम्ही फोटोवाले असंच गप्प करायचो. पण ही काही लहान पोर नव्हती — श्वास रोखून बसली होती बिचारी.

पुढच्या खेपेला सांगितलं, फोटो बिघडला.

"माझंच अंग हाललं असंल," ती म्हणाली.

आणि मी? मी "व्हय" म्हणालो. रिकामं बटण एक वेळ सोडून द्या — पण हे "व्हय" कशाला? ज्या शरीरापायी तिचं घर सुटलं, त्याच्याच माथी मी माझा आळस मारला. तिनं पुन्हा कधी फोटो मागितला नाही.

वर्षभरात ती तापानं गेली. तिची आई मुरगूडहून माझा पत्ता विचारत स्टुडिओत आली. माझ्याकडे शालनचे आठ फोटो होते, सगळे पायांचे. म्हातारीनं एक हातात घेतला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"तोंडाचा न्हाई व्हय? एक काढला हुता म्हणं. पोरगी हालली म्हणून बिघाडला."

दुकानात आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती.

"व्हय मावशी," मी म्हणालो, "हालली."

ती हलली नव्हती.