हापशावरची साक्ष

लातुरात कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गाला मी बरीच वर्षं मानवी हक्कांचा इतिहास शिकवला, आणि चांगला शिकवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं स्वतःची तारीफ करायला जागा उरणार नाही. महायुद्ध संपल्यावर राष्ट्रं एकत्र बसली आणि त्यांनी माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा केला, इथून मी सुरुवात करायचो. मसुद्यात आधी 'सर्व पुरुष' असे शब्द होते, ते 'सर्व माणसं' असे करायला लावले ते आपल्याच देशातल्या एका बाईनं, हे सांगताना माझा आवाज हमखास चढायचा. डाळमिलमधून थेट वर्गात आलेली, केसांत भुसा असलेली मुलंही तेव्हा मान वर करून ऐकायची.

जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग वाळायचा होता आणि आम्ही लातूरकर उगाच छाती पुढं काढून हिंडत होतो. त्यातच पावसानं पाठ फिरवली. दिवाळीनंतर नळाला तीन दिवसांआड पाणी, आणि शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात तर एका हापशावर अख्खं गाव.

त्या वर्षी माझ्या वर्गात आमच्याच गावची एक बाई होती. दलित वस्तीतली, तिशीची. नव्या कलेक्टर कचेरीत आवक-जावकला कारकून होती आणि कचेरी सुटली की वर्गाला यायची. वर्गात मी तिला 'तुम्ही' म्हणायचो. गावात माझ्या घरची माणसं तिच्या आईला 'ए' म्हणून हाक मारायची, आणि या दोन गोष्टी एकाच डोक्यात ठेवायला मला कधी अडचण आली नाही.

एकदा जाहीरनामा आणि करार यांतला फरक समजावत होतो. जाहीरनामा म्हणजे बोलणं, त्याला हात वर केला की भागतं. करार म्हणजे स्वतःला बांधून घेणं, त्याला सही लागते. म्हणून तर जाहीरनाम्यानंतर दोन करार तयार व्हायला अठरा वर्षं गेली आणि आपल्या देशाला त्यांत सामील व्हायला आणखी तेरा. सामील होतानाही देश बारीक अक्षरात अटी घालतात, की हे कलम आम्हाला अमुक अर्थानंच मान्य. मुलं हसली. मला चेव आला. म्हणालो, पण हक्क काय फक्त परदेशातूनच आले? आमच्या लिंगायत घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, आणि माणूस माणसासारखाच ही शिकवण आठशे वर्षांची. मागच्या मोठ्या दुष्काळात माझी आई स्वतः विहिरीवर उभी राहून वस्तीतल्या बायांच्या घागरींत पाणी घालायची. आमच्या विहिरीवरून कुणी रिकाम्या घागरीनं परत गेलं नाही.

ती उभी राहिली. "सर, रहाटाला हात कोण लावू शकत होतं?"

त्या काळाच्या मर्यादा होत्या, असं काहीतरी मी बोललो. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. त्या दुष्काळात त्याच रांगेत तीही आईबरोबर घागर घेऊन उभी असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही.

एप्रिलात एका रविवारी मी गावी गेलो. जमीन थोरला भाऊ कसायचा, आई त्याच्याकडं होती, आणि वर्षाची ज्वारी नि तूरडाळ मला तिथूनच यायची. सकाळी भावाबरोबर हापशावर गेलो. हापसा सरकारचा, पण आधी आमच्या आळीनं भरायचं, मग वस्तीनं, हा रिवाज. वस्तीतल्या बाया लांब उन्हात बसलेल्या. आमची एक घागर भरली, दुसरी लावायला जरा उशीर झाला, तेवढ्यात त्या कारकून बाईची आई पुढं आली. तिनं आपली घागर लावली आणि दांड्याला हात घातला. घरात कोणी तापानं फणफणलंय, असं ती सांगत होती. भावानं लाथेनं घागर उडवली.

"शिवू नको म्हणून किती बारी सांगायचं?" तो म्हणाला.

मग त्यानं राख मागवली, दांडा घासला आणि आमची भरलेली घागर त्यावर ओतली. थेंबाथेंबाला गाव महाग झालेलं, आणि ते पाणी मातीत चाललेलं सगळ्या बाया बघत होत्या. "हापस जरा, ही परत भरून घेऊ," भाऊ मला म्हणाला. आणि मी हापसलं. मूग गिळून, खाली मान घालून, घागर काठोकाठ भरेपर्यंत हापसलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांवर कितीदा वापरली असेल.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर ती हापशावरच्या प्रकाराच्या तक्रारीचा अर्ज घेऊन आली. अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याचं कलम बरोबर होतं, मजकूर चोख होता. खाली आईचा अंगठा आणि त्याशेजारी साक्षीदारासाठी रिकामी जागा. ती शांतपणे म्हणाली की असे अर्ज रोज तिच्याच हातून जातात. आमच्या आळीतल्या कुणाची सही नसली की 'नंबरावरून किरकोळ वाद' असा शेरा पडतो, आणि मग वस्तीला त्या हापशावर कायमचंच शेवटी बसावं लागतं. मी विचारलं, मी तिथं होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं.

"आईनं. हापसायला तुम्हीच होताव म्हणली."

हे ठाऊक असून ती माझ्याकडं आली होती. मी अर्ज ठेवून घेतला, वाचून सांगतो म्हणालो. दोन रात्री मला झोप नव्हती, पण लाज वाटून नव्हे. भाऊ काय म्हणेल, आई तोंड बघेल का, याच काळजीनं. तिसऱ्या दिवशी मी अर्ज परत दिला तेव्हा त्यावर लाल शाईनं दुरुस्त्या होत्या. 'लाथ मारून घागर उडवली' खोडून 'पाणी भरण्यावरून बाचाबाची झाली' असं केलं होतं. 'शिवू नको' हे शब्द काढले होते, राखेची ओळ तर पूर्णच. म्हणालो, अशी भाषा मवाळ ठेवली तर मला विचार करता येईल.

"सर, भाषा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सही करायलाव का न्हाई?"

मी घड्याळाकडं बघितलं. तिला कळलं. तिनं अर्ज पुन्हा पहिल्यासारखा लिहिला आणि आईच्या एकट्या अंगठ्यावर दिला. पुढं 'आपसात समजोता' असा शेरा पडला. वस्ती त्या हापशावर पावसाळा लागेपर्यंत शेवटीच बसली. ज्वारी मला त्या वर्षीही गावाहून आली, आणि मी ती खाल्ली.

महिन्याभरानं मी वर्गाची चाचणी घेतली. प्रश्न नेहमीचाच होता, जाहीरनामा आणि करार यांतला फरक सांगा. तिनं जाहीरनाम्यावर सुंदर लिहिलं होतं आणि कराराचा भाग कोरा सोडला होता. मी वीसपैकी अठरा दिले. दिले कसले, वरून ओंजळीत पाणी घालावं तसे घातले. आमच्या घरची सवयच ती.

पेपर वाटल्यावर ती टेबलाशी आली.

"सर, अर्धा प्रश्न मी लिहिलाच न्हाई. हे मार्क कशाचे?"

मी अठरा खोडून दहा केले. पेपर तिच्याकडं सरकवला, तर तिनं तो परत माझ्यापुढं ठेवला आणि खोडलेल्या आकड्याजवळ बोट टेकलं.

"खाडाखोड हाय. हितं तुमची सही लागते, सर."

मी लगेच केली.